आडवा शब्द, दोन अक्षरं

रविवार पुरवणीच्या नव्या संपादकबाई वयाने लहान आणि कामाला वाघ होत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि उभ्या उभ्याच तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "चौकटराव, शिडांच्या बोटींच्या शर्यतीच्या रविवारी आपली अख्खी पुरवणी पाण्यावर. पहिल्या पानावर शिडांचा मोठा फोटो, आत मुलाखती आणि तुमचं शब्दकोडं शिडाच्या बोटींवर. सगळे शब्द त्यातलेच हवेत हं. जमेल?"

"जमेल," चौकटराव म्हणाले.

चौकटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. माणसाची उमर काळ्या-पांढऱ्या चौकटी भरण्यात गेली की कचेरीतले लोक असं काहीतरी चिकटवतातच. ते त्यांनी कधी खरवडून काढलं नव्हतं.

बाजूच्या टेबलांवरची बोलणी थांबली. मुद्रितं तपासणारे म्हातारे गृहस्थ, ज्यांना सगळे अनुस्वार म्हणत, त्यांचं लाल पेन कागदावर टेकलं ते तिथेच राहिलं. नव्या बाईंना ठाऊक नव्हतं, पण बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. चौकटरावांचा सख्खा मोठा भाऊ दोन वर्षांपूर्वी शिडाच्या बोटीतून पडून बुडाला होता.

बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या. आपल्याला काय वाटतंय, हे चौकटरावांनी जरा चाचपून पाहिलं. दाढ काढल्यावर जीभ सारखी तिथे जाऊन येते ना, तसं. खड्डा होता. दुखत नव्हतं. मग त्यांनी गार झालेला चहा संपवला आणि पट्टी-पेन्सिल काढली.

दादांचं घराच्याच पुढच्या भागात चष्म्याचं दुकान होतं. आठवडाभर ते लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत बसायचे आणि सुटीच्या दिवशी आपली छोटी एकशिडी बोट घेऊन खाडीत जायचे. वहिनी बरोबर असायच्याच. त्या नुसत्या हवा खायला जात नसत. सुकाणू दादांच्या हातात आणि शिडाचा दोर वहिनींच्या, अशी वाटणी ठरलेली होती. त्या दिवशी मात्र वहिनी आईच्या आजारपणासाठी माहेरी गेल्या होत्या, म्हणून दादा एकटेच गेले. दुपारी वारा एकाएकी फिरला. शिडाखालचा आडवा दांडा गर्रकन वळून त्यांच्या कानशिलावर बसला असावा, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. बोट काही बुडाली नाही. ती शीड फडफडवत आपली आपण काठाच्या चिखलाला येऊन लागली, जणू मालक जरा खाली उतरून पाय मोकळे करायला गेलाय. दादा दुसऱ्या दिवशी सापडले.

वहिनी रडल्या नाहीत. लोक म्हणाले, धक्का आहे, रडतील हळूहळू. मग म्हणाले, रडायला पाहिजे, नाहीतर आत साठून राहतं. त्यानंतर लोकांना त्यांची त्यांची कामं होती. वहिनींनी दुकान उघडलं, काचा घासल्या, फ्रेमा पुसल्या, गिऱ्हाइकांचे डोळे तपासले. काम त्यांना दादांइतकंच येत होतं.

चौकटराव लग्नाच्या फंदात पडले नव्हते. ते वरच्या मजल्यावर राहत आणि दोन वेळा खाली जेवत. दादा असताना ते जेवणाचं टेबल म्हणजे बाजार असे. आता तिथे दोन ताटं आणि मोजकी वाक्यं.

"मीठ कमी झालंय का?"

"नाही. बरोबर आहे."

"उद्या उशीर होईल मला."

"बरं. झाकून ठेवते."

भांडण नव्हतं. अबोलाही म्हणता आला नसता. काही शब्द मात्र घरातून आपोआप गळाले होते. कुणी बंदी घातली नव्हती. हात तिकडे वळेना, एवढंच. चौकटरावांच्या कोड्यांतही शीड आलं नव्हतं की सुकाणू. एकदा कोपऱ्यात 'वारा' बसला होता, तर तो खोडून त्यांनी 'तारा' केला. त्या एका अक्षरापायी अख्खा कोपरा मोडून पुन्हा बांधावा लागला होता.

आणि आता अख्खं कोडंच बोटीवर. ते जेवणानंतर नेहमीसारखे टेबलापाशीच बसले. वहिनी पाठमोऱ्या, भांडी घासत. शब्द भराभर आले, हे चौकटरावांना जरा चमत्कारिक वाटलं. डोलकाठी चार चौकटींत ऐटीत बसली. सुकाणू, नांगर, खलाशी, वल्हे. उभ्या रांगेत मचवा. सूत्रंही त्यांनी शब्दकोश उघडून लिहून टाकली. 'जहाजास लावतात ते कापड.' 'होडी चालवण्याचे साधन.' शाळेतल्या रिकाम्या जागा भरा, तशी.

शेवटी एक आडवी जागा उरली. दोन चौकटी. दुसरीत म आधीच बसलेला, मचव्याचा. काम, घाम, दाम, काहीही टाकून मोकळं होता आलं असतं. पण चौकटरावांच्या लक्षात आलं की बोटीचे सगळे अवयव कोड्यात आले आहेत, एक तेवढा राहिलाय. आणि त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. पोलीस दांडा म्हणाले होते. डॉक्टरही दांडाच म्हणाले होते. ज्याने भाऊ नेला त्याला म्हणतात काय, हे त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले, "शिडाच्या खाली तो आडवा दांडा असतो ना, त्याला काय म्हणतात हो?"

तोंडातून निघून गेलं. मग ते नळाच्या धारेचा आवाज ऐकत बसले. वहिनींनी हातातली ताटली उलटी केली, मागची बाजू विसळली, नळ बंद केला.

"बूम," त्या म्हणाल्या.

"बूम."

"हो. किती घरं आहेत?"

"दोन. दुसरं म."

"मग बसतंय की." त्यांनी फडकं घेऊन ताटली पुसायला सुरुवात केली. "सूत्र काय देणार?"

"अजून ठरवलं नाही."

"'वारा फिरला की डोकं सांभाळा.' असं द्या."

काचा गुरुवारी मिळतील, असं गिऱ्हाइकाला सांगताना असायचा तोच आवाज. चौकटरावांनी ते वाक्य लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, वळणदार.

वहिनी हात पुसत आल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. जेवण झाल्यावर त्या टेबलापाशी कधी थांबत नसत. त्यांनी कागद स्वतःकडे फिरवला.

"हे काय? 'जहाजास लावतात ते कापड'? उद्या पडदा लिहील कुणीतरी."

"दोन अक्षरं आहेत."

"मग छत लिहील. शीड म्हणजे कापड नव्हे, भाऊजी. कापड दुकानात मिळतं."

"मग काय लिहू?"

वहिनींनी त्या सूत्रावर बोट ठेवलं. "'भरलं की गप्प, रिकामं झालं की बडबड.' वारा नीट भरला असला ना, तर शिडाचा आवाज येत नाही. फडफडायला लागलं की समजायचं, आपलं काहीतरी चुकतंय."

"आणि सुकाणू?"

"'उजवीकडे जायचं तर डावीकडे ढकला.' पहिल्या दिवशी सगळे उलटच करतात. तुमचे दादा तर पहिल्या दिवशी धक्क्यावर जाऊन आपटले होते."

दादांचं नाव टेबलावर आलं आणि काहीही झालं नाही. दिवा होता तसाच जळत राहिला. चौकटरावांनी वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथेही काही नव्हतं. मग दोघं पुढच्या शब्दाकडे वळली. नांगर चौकटरावांना सुचला: 'रानात चालतो, पाण्यात थांबवतो.' वहिनी म्हणाल्या, हे बरंय. डोलकाठीला त्यांनी मिळून 'नावात डोलणं, कामात ताठ' असं जुळवलं. गाठ कोड्यात नव्हतीच, पण वहिनींनी मध्येच 'माणसांची पडते, दोराला मारतात' असं म्हटलं, आणि केवळ त्या सूत्रासाठी चौकटरावांनी डावा कोपरा मोडून गाठीला जागा केली. वल्ह्याला 'वारा पडल्यावर आठवतं ते.'

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"झालं."

"दूध झाकून ठेवा जाताना," म्हणून त्या आत निघून गेल्या.

कोडं कचेरीत गेलं, जुळलं, तपासणीला आलं. तोवर कुणीतरी संपादकबाईंच्या कानावर घातलं होतं. त्या धावतच आल्या. चेहरा उतरलेला.

"मला कुणी सांगितलंच नाही हो. मी आपली तोंड वर करून... आपण बदलूया. फुलांवर देऊ. किंवा पक्ष्यांवर. शर्यतीचं मी बघते."

"राहू द्या," चौकटराव म्हणाले. "झालंय ते. चांगलं झालंय."

बाईंनी टेबलावरची टाचण्यांची डबी उचलली, परत ठेवली आणि गेल्या.

त्यानंतर अनुस्वार आले. हातात मुद्रित, मुद्रितावर 'बूम'भोवती लाल गोल.

"हे काढा. इंग्रजी शब्द आहे."

"असू दे की."

"असू कसा दे? शब्दकोडं मराठी. त्या जागी 'घाम' चपखल बसतो. शर्यत म्हटली की घाम आलाच. सूत्र द्या, 'श्रमाचे पाणी'. दोन्ही कामं होतात, पाणीही येतं."

"बूम राहील."

"अहो, वाचक पत्रं पाठवतील—"

"बूम राहील म्हणतो ना!" चौकटराव उभे राहिले. "माझ्या भावाला घाम नाही लागला! बूम लागला! बूम!"

सगळी कचेरी वळून बघायला लागली. या माणसाने आजवर स्वल्पविरामावरूनसुद्धा आवाज चढवला नव्हता. दाराशी ट्रे घेऊन उभ्या असलेल्या चहावाल्या बाई तिथूनच मागे फिरल्या. चौकटरावांना स्वतःचाच आवाज भिंतीवर जाऊन परत आल्यासारखा वाटला.

अनुस्वारांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. मग लाल गोलाखाली बारीक ठिपक्यांची रांग काढली आणि समासात लिहिलं, 'असू द्या.' त्याखाली सही केली.

"चुकलं माझं," ते हळू म्हणाले. "व्याकरण डोक्यात बसलंय, दुसरं काही शिरत नाही."

चौकटराव बाहेर हात धुवायच्या जागी गेले. आता येईल, असं त्यांना वाटलं. दोन वर्षं जे आलं नाही ते आता येईल. त्यांनी नळ सोडला, आरशात पाहिलं, वाट बघितली. आरशात एक टक्कल पडत चाललेला, नीट दाढी केलेला माणूस त्यांच्याकडे बघत उभा होता. काही आलं नाही. चेहऱ्यावर पाणी मारून ते जागेवर परतले आणि पुढच्या आठवड्याचं कोडं घेतलं.

रविवारी सकाळी वहिनींनी पुरवणी टेबलावर पसरली आणि पेनाने कोडं सोडवायला बसल्या. सगळी उत्तरं ठाऊक असूनही त्यांनी क्रमाने एकेक सूत्र वाचलं आणि एकेक अक्षर चौकटीत बसवलं. बूमही बसवला. कुठे थांबल्या नाहीत की कुठे घाई केली नाही. शेवटच्या अक्षरानंतर पेनाचं टोपण लावलं.

"बोट बघून येऊ या," त्या म्हणाल्या.

"आज?"

"तुम्हाला काम आहे?"

"नाही."

बोट खाडीकाठच्या क्लबाच्या मागच्या छपरात ताडपत्रीखाली होती. शर्यतीमुळे समोर सगळी जत्रा होती, भोंगे, झेंडे, टोप्या घातलेली मुलं. मागे कुणीच नव्हतं. राखणदाराने वहिनींना ओळखलं आणि मान हलवून ताडपत्रीचा एक कोपरा धरला. आत चिमण्यांनी काड्या आणून टाकल्या होत्या. चौकटरावांना वाटलं, वहिनी आता त्या दांड्याकडे बघतील. वहिनींनी पाहिलंही. त्याच्यावरची धूळ तळहाताने पुसली, एक टोक हलवून पाहिलं, बिजागरीत बोट घातलं.

"दोर कुजलेत," त्या म्हणाल्या. "शीड धड आहे. तळाला रंग लागेल."

"विकायची आहे का?"

"आधी पाण्यावर तर राहू दे."

पुढच्या काही सुट्या त्यात गेल्या. नवे दोर आणले, तळ घासला, रंगवला. वहिनी सांगतील ते चौकटराव धरून उभे राहत. कोड्यात बसवलेला शब्द हातात घेतला की तो जड असतो, हे त्यांना नव्याने कळलं. नांगराने तर त्यांचा अंगठाच चेंगरला. वहिनी काम करताना बोलत, पण तेवढंच. हे ओढा, ते सोडा, तिकडून धरा.

मग एका सकाळी बोट पाण्यात गेली. दोघांच्या अंगावर फुगीर नारिंगी जाकिटं. चौकटरावांना पोहता येत नव्हतं आणि हे त्यांनी बोट धक्क्यापासून सुटल्यावर सांगितलं.

"आता सांगता?" वहिनी म्हणाल्या. "बसा त्या बाजूला. त्या नाही, या! अहो, वाऱ्याच्या बाजूला! भाऊजी, पोत्यासारखे काय बसलात, बोट कलतेय दिसत नाही का?"

चौकटराव गुडघे आपटत या बाजूला आले. बोट सरळ झाली. शीड भरलं आणि खरंच, सगळा आवाज एकदम बंद झाला. वहिनींचा चेहरा लाल झाला होता, ओरडून. गेल्या दोन वर्षांत त्या घरात कुणी कुणावर ओरडलं नव्हतं. चौकटरावांना ते आत्ता जाणवलं. आपल्याला पोतं म्हटलं गेलं, याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. बरंच वाटलं.

खाडीच्या मध्यावर वारा पडला. आधी शीड सैल झालं, मग लोंबलं. पाणी ताटात ओतून ठेवल्यासारखं सपाट. काठावरची घरं, गोदामं, कारखान्याची एक उंच चिमणी, सगळं स्पष्ट दिसत होतं आणि लांब होतं. वहिनींनी दोर सोडून दिला.

"इथेच कुठेतरी," त्या म्हणाल्या.

"हं."

वहिनी लोंबलेल्या शिडाकडे बघत होत्या.

"मला वाटलं होतं, इथे आल्यावर काहीतरी होईल."

"होतंय का?"

"नाही. पाणीच आहे नुसतं." त्यांनी बाजूने हात बुडवला, बाहेर काढला आणि ओल्या बोटांकडे बघत राहिल्या. "तुम्हाला?"

"नाही. मी कचेरीत एकदा ओरडलो या कोड्यावरून. मोठ्यांदा. वाटलं, आता फुटेल. नळापाशी जाऊन उभा राहिलो, पण नाही."

"मला वाटायचं, मी एकटीच अशी आहे." वहिनींचा आवाज तसाच होता, सपाट. "लोक माझ्याकडे बघतात, काही शोधल्यासारखं. माझ्या आईने तर विचारलं, तुझं प्रेम नव्हतं का गं त्याच्यावर? मी म्हटलं, होतं. मला माहीत आहे होतं. आठवतंय मला. पण दगड होऊन बसलंय सगळं, त्याला मी काय करू?"

"दगड तर दगड," चौकटराव म्हणाले. "एकाच्या जागी दोन आहेत."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत, पण मान हलवली, एखादी काच बरोबर बसली की हलवत तशी.

वारा काही परत आला नाही. ऊन चढलं. शेवटी वहिनींनी शीड उतरवून गुंडाळलं आणि तळातून दोन वल्ही काढली. एक त्यांनी घेतलं, एक चौकटरावांना दिलं. थोड्या वेळाने उंच चिमणी समोर आली. मग मागे गेली. मग पुन्हा समोर आली.

"आपण गोल फिरतोय," वहिनी म्हणाल्या.

"मी मारतोय की."

"तुम्ही पाण्याला गुदगुल्या करताय, भाऊजी. बुडवा ते पूर्ण. आणि ओढा. कंबरेतून!"

ओहोटी लागली होती, पाणी उलटं ओढत होतं. बोट हातभर पुढे गेली की अर्धा हात मागे येई. दोघं घामाने निथळली. तळव्यांना फोड आले, ते फुटले. बोलायला दम उरला नाही. धक्क्यावरच्या राखणदाराने लांबून दोर फेकला तेव्हा चौकटरावांना तो पकडायला हातसुद्धा वर करता येईना. वहिनींनीच तो कसाबसा छातीशी धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकटराव कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. वहिनी दुकानाच्या बंद शटरपुढे उभ्या होत्या. कुलूप काढून झालं होतं, शटर वर जात नव्हतं. चौकटरावांनी खाली वाकून जोर लावला. हातांतून एक कळ मानेपर्यंत गेली. शटर जागचं हललं नाही. दोघांनी मिळून लावला, तरी नाही. शेवटी शेजारचा चावीवाला हातातलं काम टाकून आला आणि त्याने एका हिसक्यात शटर वर केलं.

"काय झालं काय तुम्हा दोघांना?"

"बोट वल्हवली काल," वहिनी म्हणाल्या.

चावीवाल्याने हात पुसले. दादांचा दोस्त होता तो. एकदा वहिनींकडे, एकदा चौकटरावांकडे बघून त्याने म्हटलं, "शेकून काढा खांदे. दोन दिवस लागतील," आणि आपल्या टपरीकडे गेला. थोड्या वेळाने तिथून कानशीचा आवाज सुरू झाला.

वहिनी आत जाऊन गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसल्या. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. तळव्यांवरची कातडी सोलवटली होती.

"दुखतंय," त्या म्हणाल्या.

"माझेही खांदे गेलेत."

"नाही, फारच दुखतंय हो भाऊजी." त्यांनी हातांकडे असं पाहिलं की जणू हे हात कुणी नवीन आणून दिलेत. "फार दुखतंय."

आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हुंदका नाही, आवाज नाही. नुसतं पाणी, गालांवरून हनुवटीकडे. ते पुसायला त्यांनी हात उचलला, तो अर्ध्यातच थांबला आणि परत मांडीवर पडला. चौकटरावांनी काउंटरवरचं काचा पुसायचं मऊ कापड उचललं, पुढे केलं. त्यांचाही हात कोपराच्या वर जाईना. ते कापड तसंच मध्ये धरून ते वहिनींसमोर उभे राहिले.

पहिलं गिऱ्हाईक दारात येऊन थबकलं. वहिनींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "जरा वेळ लागेल."